यंत्रांच्या राज्यात : पाच टनांचं शेपूट

पुढे बसायला जागा आणि मागे उघडा हौदा अशी गाडी म्हणजे पिकअप ट्रक. अमेरिकेत ही गाडी घरोघरी दिसते. सुट्टी लागली की तिच्यामागे ट्रेलर जोडायचा आणि निघायचं. ट्रेलरवर कधी बोट असते, कधी दोन-तीन घोडे, तर कधी चक्क चाकांवरचं घर!

आता यातले काही ट्रक हायब्रिड झालेत. २०२१ च्या मॉडेलपासून फोर्डचा एफ-१५० हायब्रिड रूपात मिळू लागला. त्यात ३.५ लिटरचं पेट्रोल इंजीन आहे आणि इंजीन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये ३५ किलोवॉटची विजेची मोटर बसवलेली आहे. दोघांची मिळून ४३० अश्वशक्ती होते आणि २०२१ च्या मॉडेलला जास्तीत जास्त ५,७६० किलोचा ट्रेलर ओढता येत होता. मोटरची गंमत अशी, की इंजिनाला जोर धरायला आधी फेरे वाढवावे लागतात, पण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. जड ट्रेलर जागचा हलवताना हाच जोर कामी येतो.

पण ओढता येतं म्हणजे काय, हे ठरवायचं कोणी? त्यासाठी अमेरिकेत एक ठरलेली परीक्षा आहे. अॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता ९०० मीटर उंच चढत जातो. बाहेर किमान ३८ अंश ऊन, गाडीतला एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर. आणि अशा ट्रकचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये!

चढण झाली. आता उतरायचं कसं? माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे.

हायब्रिड गाडी उतारावर मोटर उलटी वापरते. चाकं मोटरला फिरवतात, वीज तयार होते, ती बॅटरीत जाते आणि गाडीचा वेगही आवरतो. ऐकायला छान वाटतं ना? मग चला, वही-पेन्सिल घ्या. अडीच टनांचा ट्रक आणि पाच टनांचा ट्रेलर मिळून झाले ७,५०० किलो. याला ९.८ ने आणि ९०० मीटरने गुणा. उत्तर येतं सुमारे ६ कोटी ६० लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे ही झाली १८ युनिट. (घरातलं विजेचं बिल काढून बघा, तुमच्याकडे १८ युनिट किती दिवस पुरतात!)

आणि या ट्रकची बॅटरी केवढी? फक्त दीड युनिटची! मोटरने पूर्ण ताकदीने भरली, तर अगदी रिकामी बॅटरीसुद्धा तीन मिनिटांच्या आत काठोकाठ. १८ किलोमीटर उतरायला मात्र ताशी ६४ च्या वेगाने सतरा मिनिटं लागतात. थोडी ऊर्जा वारा आणि टायर खातात, पण बाकीची जाणार कुठे? सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात, धूर येतो आणि पकडच जाते. म्हणून हायब्रिड असो वा नसो, उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी अडवायला लावायची. आपले एसटीचे ड्रायव्हरकाका घाट उतरताना हेच करतात. शिवाय ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सुमारे १,३६० किलोहून जड ट्रेलरला ते सक्तीचे आहेत.

दुसरी काळजी सामान भरतानाची. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त भार झाला, की गाडी उलार होते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकच्या हुकावर यायला हवा. पाच टनांच्या ट्रेलरचा म्हणजे ५०० ते ७५० किलो. तो कमी पडला, की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि अख्ख्या ट्रकला घेऊन उलटू शकतो. इथे ना इंजीन मदतीला येत, ना मोटर.

मग हायब्रिडचा फायदा काय, असं आई-बाबा विचारतील. शहरात थांबत-थांबत जाताना पेट्रोल वाचतं. सपाट महामार्गावर ट्रेलर ओढताना मात्र वारा कापायचं काम सतत इंजीनच करतं. तिथे एवढीशी बॅटरी काय पुरणार!

ती उपयोगी पडली भलत्याच ठिकाणी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात भयंकर हिमवादळ आलं आणि लाखो घरांची वीज गेली. या ट्रकच्या हौद्यात विजेचे प्लग असतात. त्यातून जास्तीत जास्त ७.२ किलोवॉट वीज मिळते, म्हणजे सात इस्त्र्या एकदम चालतील एवढी. काहींनी ट्रक दारात उभा करून घरातले दिवे आणि हीटर त्यावर चालवले. बॅटरी उतरली, की इंजीन आपोआप सुरू होऊन ती पुन्हा भरायचं. फोर्डने मग टेक्सासमधल्या विक्रेत्यांना सांगितलं, की दुकानातले हे ट्रक गरजूंना वापरायला द्या. ट्रक उभा मात्र उघड्यावरच करायचा, बरं का, कारण बंद गॅरेजमध्ये इंजिनाचा धूर जीवावर बेततो.