नकाशा उलटा नव्हता हो!

परवा इंदूरला एका लग्नात परत तेच ऐकलं, "नकाशा फिरवून बघतो तो कच्चा पायलट." साफ चूक! शिकताना आमचे सरही उत्तर वरच ठेवायला लावायचे. इंदूरहून सरळ दक्षिणेला नर्मदेकडे निघालो. नकाशात महेश्वर डावीकडे, म्हणून खालीही डावीकडेच शोधत बसलो. ते होतं उजव्या हाताला! डावीकडे ओंकारेश्वर. नदी तीच, घाट दोन्हीकडे, इंधन मोजकं, घाम फुटला. तेव्हापासून जायची दिशा वर. गावांची नावं उलटी वाचावी लागतात, लागू देत. उत्तर वर ठेवून आखणी करा की, पण जमिनीवर, चहा पिता पिता. कॉकपिटमध्ये नकाशातलं डावं ते खिडकीतलं डावंच हवं. हसा खुशाल, भिया!