सुया ठेवल्या म्हणजे स्वेटर झाला?

परवा भाचीचा पुण्याहून फोन. "मावशी, तू विणलेला स्वेटर धुतला आणि गुडघ्यापर्यंत आला गं!" वाळत कसा घातलास विचारलं, तर म्हणे दोरीवर, चिमटे लावून.

मंडळी, आता बोलतेच. "विणून झालं की झालं, पुढचे सगळे नखरे" असं म्हणणाऱ्या बायका (त्यात माझी धाकटी जाऊही आली. ती हे वाचते, वाचू दे) स्वेटर विणतच नाहीत. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या असे चार तुकडे विणतात आणि घाईघाईने जोडून टाकतात.

लोकर आपल्या केसांच्याच जातीची, दोन्ही केराटिन. ओले केस पिना लावून वाळवले की वळण धरतात ना? तसंच हिचं. पाण्यात आतले बंध सैल होतात, वाळताना नव्या जागी बसतात. म्हणून तुकडे गार पाण्यात अर्धा तास बुडवायचे, न पिळता सोलापुरी टॉवेलात गुंडाळून दाबायचे, जाड चादरीवर टेपने मोजून पसरायचे, कडेला न गंजणाऱ्या टाचण्या लावायच्या. शिवण त्यानंतर. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लोंबणारच. गरम पाण्यात चोळलात तर लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो.

"आमच्या लोकरीला काही होत नाही" म्हणणाऱ्यांची लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. धाराशिवच्या काय, कुठल्याही बाजारात लोकर म्हणून तेच हातात येतं. त्याला वाफ वरूनच द्यावी. इस्त्री टेकवलीत की ताण कायमचा गेला, फडकं उरलं.

आणि हे परदेशी खूळ नव्हे. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मागावरून उतरली तरी काम संपत नाही. तिला चिंचोक्याची खळ देऊन वाळवतात, तेव्हा कुठे अंगात ताठपणा येतो.

पण भाचीला रागावले, तर ती काय म्हणाली? "मावशी, कार्यानुभवाच्या तासाला तूच शिकवलंस. पट्टीला दहापैकी आठ दिले होतेस."

खरंय. वीतभर पट्टी, टाके मोजायचे, उलट-सुलट पाहायचं, गुण द्यायचे. इतक्या वर्षांत एकीलाही पट्टी भिजवून, वाळवून पुन्हा मोजायला लावली नाही. वहीत तो रकानाच नव्हता, आणि मीही आखला नाही.

स्वेटर परत मागवलाय. लोकर खरी आहे. भिजवून बाजेवर पसरीन, खांदे थोडे तरी मागे येतील.