तक्रार मराठीत लिहायची, पोच घेऊन यायचं

पहिल्या वर्षाचे प्रवेश झाले की कॉलेजात सुरक्षिततेवर एक भाषण ठरलेलं असतं. मुलींनी वेळेत घरी जावं, मोबाईल जपून वापरावा, अनोळखी पोरांशी बोलू नये, आणि आवारात आपण एवढे कॅमेरे बसवलेत. टाळ्या, चहा, संपलं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला आधी पडतो. या भाषणात ती सगळी आमच्यावर असते. संस्थेची जबाबदारी कॅमेऱ्यापाशी संपते.

कॅमेऱ्यानं काय होतं ते आपण बघितलंय. 18 एप्रिल 2024 ला हुबळीत एका कॉलेजच्या आवारात दिवसाढवळ्या विद्यार्थिनीचा खून झाला. कॅमेऱ्यात ते दिसलं, पण पोरगी गेली. पुढं राज्यभर भांडण पेटलं ते आरोपीच्या धर्मावरून. निवडणुकीचे दिवस होते, सगळ्यांना विषय मिळाला. उद्या एखादी पोरगी ‘हा माझ्या मागं लागलाय’ म्हणून सांगायला आली, तर तिनं कुणाकडं जायचं आणि ते लिहून कोण घेणार, हा प्रश्न तसाच राहिला.

कॅमेरा कामाला येतो गुन्हा झाल्यावर. गुन्ह्याच्या आधी कामाला येते ती तक्रार. पाठलाग, धमकीचे मेसेज, ‘फोटो टाकीन’ म्हणून दबाव, वसतिगृहात ज्युनियरला रात्रभर उभं करणं, हे सगळं कुणाला ना कुणाला माहीत असतं. कागदावर मात्र येत नाही.

का येत नाही? आपल्या भागात याचं एक उत्तर भाषा आहे. खानापूरकडच्या एखाद्या खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेली पोरगी बेळगावात कॉलेजला येते. फलकावर तक्रार समितीची माहिती लावलीच असेल, तर ती कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. ऑफिसात गेली तर ‘अर्ज इंग्लिशमध्ये लिहून आण’. ‘तो रोज बसस्टँडपासून मागं यायलाय, काल हात धरला’ हे तिला मराठीत नीट सांगता येतं. मोडक्या इंग्रजीत गेलं की त्याचं ‘वन बॉय इज डिस्टर्बिंग’ एवढंच उरतं. असल्या अर्जावर कारवाई होत नाही, आणि ती दुसऱ्यांदा येत नाही.

मित्रांनो, हा कुणाच्या मेहरबानीचा विषय नाही. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. सरकारी कॉलेज, विद्यापीठ, पोलीस ठाणं, कुठंही मराठी अर्ज ‘चालत नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला नाही. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार भाषिक ओळखीवरून एखाद्या विद्यार्थ्याला छळणं किंवा वाळीत टाकणं हेसुद्धा रॅगिंग आहे. म्हणजे मराठी बोलतो म्हणून कोपऱ्यात घेणं ही ‘मस्करी’ नव्हे. तसंच कन्नड बोलतो म्हणून आपल्या पोरांनी कुणाला कोपऱ्यात घेतलं, तर तेही रॅगिंगच. नियमाला भाषा नाही.

यूजीसीचा 2015 चा नियम अजून पुढं जातो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती पाहिजे आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात निवडून आलेले तीन विद्यार्थी पाहिजेत. तुमच्या कॉलेजात ही निवडणूक झालेली कुणी बघितलीय? त्याच नियमात हेही आहे की सुरक्षेचं कारण सांगून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावता येणार नाहीत. तरी मुलींचं गेट आधी बंद होतं. छेडणारा बाहेर मोकळा आणि कुलूप आमच्यावर!

आता थोडं आपल्या माणसांविषयी. मराठी फलकासाठी रस्त्यावर उतरणारे आपले दादा पोरीच्या तक्रारीच्या वेळी ‘आपलाच पोरगा हाय, मिटवून टाका की’ म्हणतात, तेव्हा त्यांच्यात आणि ऑफिसातल्या त्या क्लार्कमध्ये मला फरक दिसत नाही. ‘मराठी अस्मिता’ जर आपल्याच पोरीला गप बसवायला वापरली जात असेल, तर ती अस्मिता कुणाची? घरातल्यांचंही तेच. ‘बोललीस तर कॉलेज बंद’ ही धमकी छेडणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

म्हणून ह्या आठवड्यात एवढं करूया. प्रत्येक कॉलेजातल्या चार-पाच जणांनी मिळून प्राचार्यांना मराठीत अर्ज द्यायचा: दोन्ही समित्यांच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीतही लावा, आणि विद्यार्थी सदस्यांची निवडणूक घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. रॅगिंग असेल तर 1800-180-5522, तातडीची मदत लागली तर 112, हे नंबर आजच मोबाईलमध्ये टाका. पोलिसांत जायची वेळ आली तर ‘ही आमची हद्द नाही’ हे ऐकून घ्यायचं नाही. नव्या कायद्यानं, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन वाचून दाखवणं आणि प्रत फुकट देणं हे पोलिसांचं काम आहे. समजलं नाही त्या कागदावर सही करायची नाही.

आणि मैत्रीण एकटी तक्रार द्यायला निघाली असेल, तर तिच्यासोबत जा. ऑफिसात एकटीला ‘उद्या ये’ म्हणणं सोपं असतं, पाच जणींना तसं म्हणताना समोरचा विचार करतो.