कुठली पट्टी?

वसमतच्या मोंढ्यात हळद विकली की हातात पडते ती पट्टी. पायाला विळा लागला की दवाखान्यात बांधतात तीही पट्टी. ग्रामपंचायत मागते ती घरपट्टी, दप्तरात असते ती फूटपट्टी, आणि गाणारा वरची पट्टी धरतो ती आणखी वेगळी. तरी हिंगोली जिल्ह्यात यावरून कुणाचा गोंधळ होत नाही. मोंढ्यात ‘पट्टी मिळाली का?’ विचारलं तर कुणी जखमेकडे बघत नाही. आता हाच शब्द एक्सेलच्या एका चौकोनात एकटा लिहा, लंडनला पाठवा आणि एकच इंग्रजी शब्द मागा. समोरचा आधी विचारेल, कुठली पट्टी?

इंग्रजी ॲप मराठीत आणताना हाच प्रश्न विचारायची सोय बहुतेक वेळा नसते. मी याच धंद्यात आहे. स्क्रीनवरचे शब्द सोलून त्यांची यादी होते, आणि ती भाषांतरकाराकडे किंवा मशीनकडे जाते. यादीत नुसतं ‘क्रॉप’ असतं. फोटोची कड कापायची आहे की शेतातलं सोयाबीन, ते कळायला मार्ग नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी मोबाइलवरून, पिकाचा फोटो काढून करतात. अशा माणसाला एखाद्या ॲपमध्ये फोटोखाली ‘पीक’ नावाचं बटण दिसलं, तर त्याने काय समजायचं?

इथपर्यंत हसू येतं. पैशाशी गाठ पडली की येत नाही. पीएम किसानचे २००० रुपये ‘क्रेडिट’ झाले, म्हणजे जमा झाले. किसान क्रेडिट कार्डातलं ‘क्रेडिट’ म्हणजे कर्ज. एक पैसा आपला, दुसरा फेडायचा. ‘बॅलन्स’चंही तसंच. बचत खात्यात ती शिल्लक, कर्जखात्यात ती देणं असलेली बाकी. यादीत दोन्हीकडे एकच शब्द भरला, तर सेनगावातल्या शेतकऱ्याला कर्जाचा आकडा स्वतःची शिल्लक वाटू शकतो.

व्याकरणाचीही तीच गत. इंग्रजीत ‘न्यू’ लिहून पुढे काहीही चिकटवता येतं. मराठीत नवा नंबर, नवी फाइल, नवं खातं. कोडमध्ये दोन तुकडे जोडून वाक्य बनवलं, तर कितीही चांगला भाषांतरकार आणा, तीनपैकी दोनदा तो चुकणारच.

यावर दोन उत्तरं ऐकू येतात, आणि दोन्ही खोटी आहेत. पहिलं उत्तर: मराठी तोकडी आहे, इंग्रजीच ठेवा. अहो, जमा आणि कर्ज यांना दोन स्वच्छ शब्द मराठीकडे आहेत. एकाच शब्दावर भागवणारी इंग्रजी आहे. दुसरं उत्तर शुद्धतेवाल्यांचं: प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक अस्सल मराठी प्रतिशब्द ठरवा, मग सगळीकडे तोच. म्हणजे रोग तोच, फक्त सोवळं नेसलेला. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. त्यातही एका इंग्रजी शब्दापुढे अर्थाप्रमाणे वेगवेगळे मराठी शब्द दिलेत. तेव्हाच्या कोशकारांना कळलेली गोष्ट आजच्या ॲपवाल्यांना कळू नये?

‘एआय करेल’ हेही उत्तर नाही. संदर्भ दिलाच नाही, तर मशीनही अंदाजच करणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

उपाय नवा नाही आणि महागही नाही. ‘गेटटेक्स्ट’ या फुकट साधनात शब्दासोबत त्याचा संदर्भ जोडायची सोय २००६ पासून आहे. अँड्रॉइडच्या फाइलमध्येही शब्दाच्या वर टीप लिहिता येते. ‘क्रेडिट: खात्यात पैसे आल्याचा मेसेज’ एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. ते लिहिणं हे भाषांतरकाराचं काम नाही. शब्द कुठल्या स्क्रीनवर आहे हे ज्याला माहीत आहे, त्या इंजिनिअरचं आहे. टीप नसेल तर भाषांतरकाराने यादी परत पाठवावी. आणि पैशाचं ॲप बाजारात आणण्याआधी ते कळमनुरीतल्या चार माणसांच्या हातात द्यावं. बटण दाबण्याआधी ‘याने काय होईल?’ असं त्यांना विचारावं.

दहा सेकंद वाचतात ते इंजिनिअरचे. चुकीच्या बटणाची किंमत मोजतो तो शेतकरी, आणि वर त्यालाच ऐकवलं जातं, ‘तुम्हाला मोबाइल वापरता येत नाही.’