इंजिन बांधणं आणि लिहून ठेवणं

माझ्या भाच्याने इंग्लंडमधल्या आपल्या घरी, गॅरेजमध्ये, एका जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन उतरवलं, पूर्ण खोललं, नव्याने बांधलं आणि परत गाडीत बसवलं. ही बातमी आमच्या गोतावळ्यात पसरली तेव्हा दोन तऱ्हेची मतं ऐकू आली. एक म्हणजे, "एवढा शिकला-सवरला, नोकरी चांगली, मग हात काळे करायची हौस कशाला?" आणि दुसरं, "तिकडच्या लोकांना वेळच वेळ, पैसाच पैसा!" मला दोन्ही पटली नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने बहिणीकडे होते आणि त्या गॅरेजात घडीच्या खुर्चीवर बसून बराचसा प्रकार डोळ्यांनी पाहिला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी होती १९७२ सालची एमजीबी. दोन माणसांची, टप खाली होणारी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला तयार होत होती आणि तिच्या पाठच्या जीटी या बंद टपाच्या गाड्या धरून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. नाव स्पोर्ट्स कार असलं तरी इंजिन अगदी साधं आहे, चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं, ओतीव लोखंडाचं. आणि मंडळी, हे इंजिन आपल्याला परकं नाही बरं का! आपल्या अ‍ॅम्बॅसेडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असायचं, ते याच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. एमजीबीचं इंजिन म्हणजे त्याचं थोरलं भावंड. हे मला भाच्यानेच सांगितलं, आणि मग तो या गाडीच्या नादी का लागला असावा तेही समजलं. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की एसटी स्टँडमागे अ‍ॅम्बॅसेडरची इंजिनं बांधणाऱ्या मिस्त्रींजवळ तो तासन् तास बसून राहायचा.

माझ्याकडे काम होतं वाचून दाखवायचं. त्याचे हात तेलाने भरलेले, त्यामुळे "मावशी, पुढची पायरी वाच" असं तो म्हणायचा आणि मी चष्मा सावरून वाचायचे. बॉनेट काढा, पाणी आणि तेल सोडा, रेडिएटर काढा, दोन्ही कार्ब्युरेटर काढा, वायरींना चिठ्ठ्या लावा, असं करत करत इंजिन गिअरबॉक्ससकट साखळीला लटकून तिरकं वर आलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्रजीशी माझं सख्य बेताचंच. तरी त्या पुस्तकातलं बहुतेक मला कळत होतं. एका वाक्यात एकच काम, शेजारी फोटो, जिथे चूक होण्याचा संभव तिथे आधीच सूचना. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी गोष्ट ती होती. हौस, पैसा, मोकळा वेळ हे सगळं त्यानंतर येतं.

या पुस्तकांचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. जॉन हेन्स नावाच्या माणसाने शाळेत असतानाच, १९५६ मध्ये, ऑस्टिन सेव्हन या गाडीपासून आपली वेगळी गाडी कशी बनवावी याची पुस्तिका काढली होती. पुढे हवाई दलात असताना, १९६५ मध्ये एडनला, त्यांनी एका सहकाऱ्याची स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्स कार पुन्हा बांधायला मदत केली. कंपनीचं अधिकृत पुस्तक साध्या मालकाच्या उपयोगाचं नाही हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी प्रत्येक पायरीचे फोटो काढले आणि १९६६ मध्ये त्या गाडीचं पुस्तक निघालं. गाडी स्वतः पूर्ण खोलायची, परत जोडायची, आणि मगच लिहायचं, ही त्यांची रीत. २०१९ मध्ये ते वारले. मला तर ही शिक्षकाचीच रीत वाटते. जे स्वतः करून पाहिलेलं नाही ते मुलांना सांगू नये.

आता कुणी म्हणेल, पुस्तक वाचून का कुठे इंजिन बांधता येतं? खरं आहे, सगळं नाही येत. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट भाच्याने मशीन शॉपला दिले. सिलिंडर झिजले होते, ते तिथे बोअर करून वीस थाउ, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी वीस भाग, मोठ्या मापाचे पिस्टन आणले. क्रँक दहा थाउ घासून घेतली. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर शिसं असलेलं पेट्रोल विकणं बंद झालं, त्यामुळे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या बसवून घेतल्या. हे घरी होणारं काम नाही. पण कुठलं काम घरचं आणि कुठलं कारागिराचं, हेसुद्धा नीट लिहिलेलं असलं तर माणूस नको तिथे हात घालत नाही.

घरचं काम मुख्यतः सफाईचं, क्रमाचं आणि मोजमापाचं. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकबरोबरच बोअर केलेल्या असतात, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. प्रत्येकीवर खूण हवी. आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचून ठेवले होते. मेन बेअरिंगचे नट ७० पौंड-फूट जोराने आवळायचे, हेडचे अकरा नट मधून बाहेरच्या बाजूला, ठरल्या क्रमाने, थोडे थोडे करत. टॅपेट सेट करताना तर मला वर्गातल्या फळ्याची आठवण झाली. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा. बेरीज नेहमी नऊ! फट पंधरा थाउ. असं सूत्र सातवीतला मुलगाही लक्षात ठेवील.

त्या पुस्तकाशी एका ठिकाणी मात्र माझं भांडण आहे. काढण्याचं पानभर वर्णन करून झालं की जोडणी याच्या उलट क्रमाने करा, असं म्हणून ते मोकळं होतं. इंजिन परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचच्या मधोमध शिरेना. दोन तास गेले. बोल्ट आवळून ओढून घ्यावं असा मोह झाला होता, पण तसं करू नये, आणि गिअरबॉक्सचं वजन त्या शाफ्टवर टांगतं राहू देऊ नये, हे माहीत असल्याने भाच्याने हात आवरला. खालून जॅक थोडा वर घेतला, क्रँक जरा फिरवली आणि ते अलगद आत गेलं. मी त्या पानाच्या समासात त्याला हे पेन्सिलीने लिहायला लावलं. पुढचा जो कुणी करील त्याचे दोन तास वाचतील.

सुरू करताना आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरने फिरवलं, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत. मग प्लग लावले. कॅमशाफ्ट नवा, म्हणून वीस मिनिटं दोन हजारच्या आसपास फेऱ्यांवर चालू ठेवलं. आवाज ऐकून बहीण बाहेर आली आणि म्हणाली, "झालं का एकदाचं?"

तर मुद्दा असा. आमचे स्टँडमागचे मिस्त्री याच घराण्यातली इंजिनं लिंबाच्या झाडाखाली बांधायचे. टॉर्कचा पाना त्यांच्याकडे नव्हता, मनगटच होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे. त्यांच्या हाताखालची पोरं पाना फेकून मारल्यावर शिकायची, आणि निम्मी त्याआधीच पळून जायची. मिस्त्री २०११ मध्ये गेले. त्यांना जे ठाऊक होतं त्यातली एक ओळही कुठे लिहिलेली नाही. अक्षरओळख त्यांना होती, पण 'तुम्ही सांगा, मी लिहून घेतो' म्हणणारा आमच्या गावात कुणी निघाला नाही. आमच्या वाचनालयात कादंबऱ्यांची कपाटं भरलेली आहेत, पण इंजिन कसं बांधावं हे मराठीत पायरीपायरीने सांगणारं पुस्तक मी तिथे पाहिलेलं नाही.

आपल्याकडे लिहिणारा हात आणि पाना धरणारा हात वेगळ्या घरांत वाढतात. म्हणूनच भाच्याचे काळे हात आपल्याला खटकतात. मनगटाचं ज्ञान पुस्तकात पूर्ण उतरत नाही हे मला मान्य आहे, पण त्यातलं निम्मं उतरलं तरी मिस्त्रींकडून पळालेल्या पोरांपैकी एखादं टिकलं असतं.

माझी नातेवाइकांना आणि वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरात, आळीत कुणी फिटर, गवंडी, घड्याळजी, मोटर रिवाइंडिंग करणारा असेल तर एक वही घेऊन त्याच्याशेजारी बसा. तो करील ते क्रमाने लिहा, माप विचारा, आणि "इथे चुकतं कुठे?" हे मुद्दाम विचारा. शुद्धलेखन मी तपासून देईन.