कांचनजुंगा की बेलापूर?

चार्ल्स कोरियांचं नाव निघालं की लोकांना आधी कंबाला हिलवरची कांचनजुंगा आठवते. 28 मजले, आणि कोपरे कोरून काढलेल्या दुमजली उंचीच्या गच्च्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून आभाळात नेऊन ठेवलाय म्हणा ना! भारी आहेच. पण फ्लॅट किती, तर 32. आधुनिक वास्तुकलेत कोरियांची जागा या बिल्डिंगवरून ठरवायची हे काही मला पटत नाही. माझं मत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला.

1980 च्या दशकात आखलेली ही वसाहत, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी. लिफ्ट नाही, टॉवर नाही. सात घरांमध्ये एक छोटा चौक, असे तीन गट मिळून आणखी एक मोठा चौक. प्लॉट 45 चौरस मीटरपासून साधारण 70 पर्यंत, म्हणजे साहेबाचा प्लॉट शिपायाच्या दुप्पटसुद्धा नाही! आणि खरी गंमत म्हणजे कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. पैसे आले, पोरगा लग्नाचा झाला, की वाढवा घर. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागत नाही.

लोकांनी वाढवलीच. उतरत्या छपरांची कितीतरी मूळ घरं पाडून तिथे आरसीसीचे मजले चढले. त्यावर जाणकार हळहळतात. मला ते रडगाणं वाटतं. फ्रान्समध्ये पेसाकला ल कॉर्ब्युझिएने 1920 च्या दशकात कामगारांसाठी घरं बांधली. राहायला आलेल्यांनी लांबलचक खिडक्या बुजवल्या, सपाट गच्चीवर छपरं घातली. तिथे लोक डिझाईनशी भांडत होते. बेलापुरात लोक बदल करणार हे डिझाईनमध्येच धरलेलं होतं. आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम इतकी वर्षं युजरच्या हाताने वाढत राहिली तर आम्ही पार्टी करू!

एक तक्रार मात्र खरी आहे. घरं उंच झाली की मधल्या फटीत उजेड-वारा राहत नाही, आणि 'आभाळाखालची मोकळी जागा' हा तर कोरियांचा लाडका मुद्दा. तिथे उंचीचा एक कडक नियम हवा होता.

बाकी 'बैठी घरं शहराला परवडत नाहीत' वगैरे म्हणणाऱ्यांसाठी: कोरियांच्या हिशेबाने इथे हेक्टरी 500 माणसं राहू शकत होती. चौक धरून.