आधी मोजा, मग मागा!

बंगळूरहून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे निघालेली रेल्वे कृष्णराजपुरम आणि व्हाईटफील्ड ही स्थानके मागे टाकत पूर्वेला जाते. आज हा सारा भाग महादेवपुरा म्हणून ओळखला जातो. काचेच्या उंच इमारती, संगणक कंपन्या आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याच्या, निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. इमारती बांधणारे, घरोघरी धुणीभांडी करणारे, कचरा वेचणारे लोक या झोपड्यांत राहतात. जानेवारी 2020 मध्ये इथल्याच करियम्मन अग्रहारात अशा शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या. राहणारे परदेशी घुसखोर आहेत, असा आरोप होता. प्रत्यक्षात अनेकांच्या हातात भारतीय ओळखपत्रे होती. पुढे उच्च न्यायालयाने या कारवाईबद्दल सरकारला धारेवर धरले, पण तोवर संसार उघड्यावर आले होते.

अशा वेळी हटकून आठवण येते ती याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेल्या एका माणसाची. त्यांचे नाव जोकिन अर्पुतम.

कोलार गोल्ड फील्ड्समधल्या तमिळ कुटुंबातला हा मुलगा. घरची परिस्थिती पालटली, शिक्षण अर्धवट राहिले आणि पोरवयातच तो बंगळूरला येऊन सुतारकाम करू लागला. 1963 मध्ये त्याने मुंबई गाठली. मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत आसरा मिळाला, पण स्वतःचे घर मात्र नाही. कित्येक वर्षे तो उघड्यावरच झोपत असे. दिवसा सुतारकाम आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना जमवून गाणी-बजावणी. त्यातूनच एक अनौपचारिक शाळा उभी राहिली.

वस्तीत कचऱ्याचे ढीग साचले होते. पालिकेची गाडी फिरकत नव्हती. अर्ज-विनंत्यांचा उपयोग होईना. तेव्हा जोकिन यांनी मुलांची सहल काढली! प्रत्येक मुलाच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले कचऱ्याचे एकेक पुडके दिले आणि ती सारी पुडकी पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकली. साहेब संतापले, पोलीस आले; पण वस्तीतला कचरा उचलला जाऊ लागला. गरिबांनी एकेकट्याने दार ठोठावले तर ते उघडत नाही, सगळ्यांनी मिळून ठोठावले तर उघडावेच लागते, हा धडा पोरांबरोबर थोरांनीही गिरवला.

खरी कसोटी पुढेच होती. जनता कॉलनीची जागा शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला हवी होती. मुळात शहरातून हलवलेल्या लोकांना पालिकेनेच इथे वसवले होते. आता त्यांनाच पुन्हा उठायला सांगण्यात आले. जोकिन कोर्टात गेले, मोर्चे काढले, थेट दिल्लीला जाऊन संसदेबाहेर ठाण मांडून बसले, पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गाऱ्हाणे नेले. याच धामधुमीत राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना आकाराला आली. पण आणीबाणी लागली होती. मे 1976 मध्ये बुलडोझर फिरले आणि सुमारे 70 हजारांची वस्ती भुईसपाट झाली. लोकांना चीता कॅम्पमध्ये हलवण्यात आले.

दुसरा एखादा खचून घरी बसला असता. जोकिन यांनी या पराभवातून वेगळाच निष्कर्ष काढला. केवळ ‘नाही, नाही’ म्हणून भागत नाही. आपल्याला काय हवे, ते आपल्यालाच नेमके सांगता आले पाहिजे. त्यासाठी आपण किती, कोण, कुठून आलो, याचा हिशेब आपल्याच वहीत हवा!

ही संधी 1985 मध्ये आली. पदपथावरच्या झोपड्या हटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली होती. तेव्हा शीला पटेल यांच्या ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या पदपथवासीयांची मोजणी केली. सरकारच्या लेखी जे नव्हतेच, अशी सुमारे 6 हजार कुटुंबे कागदावर आली. पुढे या बायकांचीच ‘महिला मिलन’ संघटना झाली आणि जोकिन यांची संघटना, ‘स्पार्क’ व ‘महिला मिलन’ असे तिघांचे गणित जमले. बायका रोज घरोघर फिरून बचत गोळा करू लागल्या. कुणी एक रुपया द्यायचे, कुणी दोन. पैशांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाची चूल पेटलेली नाही, हे त्या फेरीत रोज कळत असे.

मुंबईच्या लोकलमार्गालगतच्या झोपड्या इतक्या जवळ होत्या की गाड्यांना वेग कमी करावा लागे. 2000 च्या आसपास तिथली हजारो कुटुंबे नव्या जागी गेली. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःची मोजणी स्वतः केली होती, म्हणून पोलिसी बळाची गरज पडली नाही. पुण्यात याच काळात वस्त्यावस्त्यांत सार्वजनिक शौचालये बांधली गेली. बायकांच्या सांगण्यावरून स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या झाल्या आणि लहान मुले आत पडण्याच्या भीतीने घाबरतात म्हणून त्यांच्यासाठी छोटी, वेगळी सोय झाली. हे कुठल्या अभियंत्याला सुचले असते?

सगळे गोड गोडच झाले, असे मात्र नाही. सरकार आणि जागतिक बँकेशी हातमिळवणी केली म्हणून जोकिन यांच्यावर टीका झाली. पुनर्वसनाच्या काही इमारती इतक्या दाटीने उभ्या राहिल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचेना. कामधंद्याची ठिकाणे लांब गेली. ‘भांडायचेही आणि बोलायचेही’ ही त्यांची रीत सर्वांनाच पटली नाही. पण ज्याने डोळ्यांदेखत वस्ती उद्ध्वस्त होताना पाहिली, त्याला निव्वळ घोषणांची मर्यादा ठाऊक होती.

2000 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 1996 मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष होते. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी वस्त्यांत ‘आधी मोजा, मग मागा’ हीच पद्धत पोचली. 13 ऑक्टोबर 2018 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वस्तीची सेवा म्हटले की आपल्याला वह्यावाटप आणि सत्कार समारंभ आठवतात. जोकिन यांची सेवा त्याहून साधी आणि त्याहून अवघड होती. शेजाऱ्याचे नाव विचारायचे, ते लिहून ठेवायचे आणि त्या नावासाठी उभे राहायचे. महादेवपुऱ्याच्या पत्र्याच्या झोपड्यांत काय, किंवा आपल्या इमारतीमागच्या वस्तीत काय, आजही पहिले काम तेच आहे. रोज आपल्या दारी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे आडनाव, गाव आणि घर आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?